पेट्रोलच्या ट्रकचा मेकॅनिक

शुक्रवारी कामतघरचे कापडाचे लूम बंद असत. मग दिरांचा ट्रक दारात उभा राही आणि तो मेकॅनिक येई. आसपासचे सगळे ट्रक डिझेलचे, आमचाच तेवढा जुना, पेट्रोलचा. चालू इंजिनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून तो मूठ कानाला लावी आणि डोळे मिटी.

"सहातले पाच बोलतात, शेठ. एक सिलिंडर गप्प हाय."

दीर हसत, "मग दे फेकून!"

"गप्प हाय म्हंजे बाद न्हाय. प्लग काळा झालाय."

मग तो प्लग इतका हळू घासी, की मी तांदूळ निवडायचं विसरत असे.

पेट्रोल परवडेना. दिरांनी काल्हेरच्या गॅरेजात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. डिझेलला प्लग नसतात; मेकॅनिकचं काम संपलं. त्या शुक्रवारी तो आमच्याकडे ठेवलेले पाने-पक्कड न्यायला आला. मी तांब्याभर पाणी दिलं.

"वहिनी, इंजिन चांगलं व्हतं. रस्त्यात कधी दगा दिला न्हाय."

मी मान हलवली. तांब्या परत देताना तो थांबला. "काय म्हनलात का?"

"नाही," मी म्हणाले.

तो गेला. मोरीत तांब्या विसळताना मी हळूच म्हणाले, "येत जा."