बसमध्ये घरची भाषा

कुंभकोणमला आमच्या घरात मराठी उंबरठ्यापर्यंत चाले. उंबरठा ओलांडला की तमिळ. भाजीवाली, शाळा, देऊळ, दवाखाना, सगळा व्यवहार तमिळमध्ये होई. बाहेर मराठी वापरायची ती एकाच कामासाठी, समोरच्याला कळू नये असं काही बोलायचं असेल तेव्हा. पितळेच्या भांड्यांच्या दुकानात बसून आई वडिलांना शांतपणे सांगे, "हा लुबाडतो. उठा आतां." आणि दुकानदाराकडे बघून हसे. दुकानदारही हसे. मराठ्यांच्या राज्याबरोबर पूर्वजांनी तंजावर मुलखात आणलेली भाषा आमच्याकडे शेवटी एवढ्या कामाला उरली होती.

गावात हे जपून करावं लागे. कोणत्या घरात मराठी कळते हे सगळ्यांना ठाऊक असे. मद्रासला जाताना ही काळजी करायची आम्हाला गरज वाटली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. माझ्या मोठ्या बहिणीला दाखवायला मद्रासला न्यायचं होतं. रीत उलटी आहे, मुलाकडचे मुलीच्या घरी येतात. पण मुलाच्या आईचे गुडघे धरले होते आणि तिला प्रवास होत नव्हता. आईला हे आवडलं नाही. "आपण भाजी नाहीं, टोपलींत घालून दारोदार न्यायला," असं ती म्हणाली, पण तिने बहिणीची निळी रेशमी साडी ट्रंकेतून काढून उन्हात टाकली. आमच्यातली घरं मोजकी. त्यांत वय, गोत्र आणि शिक्षण जुळणारं ठिकाण दोन-तीन वर्षांत एखादंच येई. बहीण सव्वीस वर्षांची होती.

लहानपणी तिचा डावा कान फुटला होता. तो बरेच महिने वाहत राहिला, आणि थांबला तेव्हा त्या कानाने ऐकू येणं गेलं होतं. उजवा चांगला होता. ती गाणं शिकली, सुराला पक्की होती. अनोळखी माणसाला काही कळत नसे. डावीकडून कोणी हाक मारली की तेवढी ओ मिळत नसे. आधीच्या वर्षी आडुतुरैच्या एका घराला वडिलांनी हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. त्यांनी कॉफी संपवली, पोर गोड आहे म्हणाले, आणि पुढे त्यांचा निरोप आला नाही. म्हणून या वेळी वडिलांनी ठरवलं होतं की आधी पसंती होऊ द्यायची आणि कान नंतर सांगायचा. आईला ते पटत नव्हतं. ट्रिप्लिकेनला आईच्या मावसभावाकडे आम्ही उतरलो तेव्हाही त्या दोघांचं एकमत झालेलं नव्हतं.

दुपारी आम्ही चौघं पश्चिम मांबलमकडे जायला बसमध्ये चढलो. मद्रासच्या बसमध्ये डावीकडचे बाक बायकांचे, उजवीकडचे पुरुषांचे. आई आणि बहीण डावीकडे बसल्या, बहीण खिडकीशी, आई तिच्या उजवीकडे. वडिलांना पलीकडच्या बाजूला जागा मिळाली, मी त्यांच्याजवळ उभा राहिलो. मधल्या वाटेत माणसं दाटलेली. कंडक्टर मागच्या दाराशी बसल्या जागेवरून हलत नसे, पैसे हातोहात मागे जात आणि तिकिटं हातोहात पुढे येत. आमची तिकिटं आईच्या मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातून आली. तिने आईच्या खांद्याला बोट लावलं आणि तमिळमध्ये "ही तुमची" एवढंच म्हटलं. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा होता, मांडीवरच्या कापडी पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आल्या होत्या. आईने मागे न वळता तिकिटं घेतली.

बस माउंट रोडला लागल्यावर वडील वाटेतल्या माणसांच्या मधून बोलू लागले. आवाज मोठा ठेवावा लागत होता, आणि भाषा अर्थातच घरची.

"बसायला सांगतील तेव्हां भिंत डावीकडे येईल असें बैस."

"भिंत कोठें आहे हें तुम्ही पाहून आलां काय?" आई म्हणाली.

"भिंत नसेल तर तिच्या डावीकडे तूं बैस. दुसऱ्या कोणाला बसूं देऊं नको."

"मी काय गाडीचा बैल," बहीण खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "डावा, उजवा करायला?"

"थट्टा नको. डावीकडून कोणी विचारिलें तर नुसतें हसून खालीं पाहा. लाजली म्हणतील."

"आणि लग्नानंतर?" आईने विचारलं. "जन्मभर लाजत राहील?"

"पसंत पडूं दे. मग मी सांगतों. आडुतुरैला आधीं सांगितलें, काय मिळालें?"

"हळू बोला."

"कोणाला कळतें इथें?"

"मजला कळतें," बहीण म्हणाली.

बसमध्ये डिझेलचा वास आणि ऊन भरलं होतं. बहिणीच्या साडीचा काठ घामाने पाठीला चिकटला होता आणि आई तो सारखा सोडवत होती.

आम्ही उतरलो तिथेच ती म्हातारी बाईही उतरली. वडिलांनी तिलाच तमिळमध्ये गल्ली विचारली. तिने हाताने दिशा दाखवली आणि पुढे निघून गेली. आम्ही कोपऱ्यावर फळं आणि फुलं घेतली. घर सापडलं तेव्हा दार तिनेच उघडलं.

"या," ती आमच्या मराठीत म्हणाली. "बसमध्यें गर्दी फार होती."

वडिलांनी एक वहाण काढली होती, दुसरी पायातच राहिली. ती मुलाच्या वडिलांची थोरली बहीण होती, विधवा, आणि त्या घरात तिचाच शब्द चाले हे थोड्या वेळात आमच्या ध्यानात आलं. बसचा विषय तिने पुन्हा काढला नाही. बहिणीसाठी चटई तिने स्वतः अंथरली. आधी ती खोलीच्या मधोमध होती, मग तिने ती ओढून भिंतीलगत नेली, अशी की बसणाऱ्याच्या डाव्या हाताला भिंत यावी. "इथें बैस, पोरी," ती म्हणाली आणि स्वतः बहिणीच्या उजवीकडे बसली. आईने पदर तोंडाशी नेला. वडील पंख्याकडे बघत राहिले.

बाकी सगळं नीट पार पडलं. बहिणीने कर्नाटक संगीतातलं एक कीर्तन म्हटलं. मुलाच्या आईने पाय चोळत पूर्ण ऐकलं आणि आणखी एक म्हणायला सांगितलं. मुलगा बँकेत होता, कमी बोलणारा. मद्रासचं पाणी तिला मानवेल का, एवढं त्याने तमिळमध्ये विचारलं. ती म्हणाली, कुंभकोणमचं तरी कुठे मानवतं. तो हसला. मुलाचे वडील माझ्या वडिलांशी मुहूर्ताचे महिने बोलू लागले.

कॉफीचे पेले उचलताना मुलाच्या आत्याने विचारलं, "आणिक कांहीं सांगायचें राहिलें आहे काय?"

"नाहीं," वडील म्हणाले.

"आठवून पाहा. या वयांत विसरायला होतें. मजलाही होतें."

आईने मान वर केली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कांहीं राहिलें नाहीं," ते म्हणाले.

"बरें," ती म्हणाली आणि पेले घेऊन आत गेली.

तिने सगळं ऐकलंय हे वडिलांना माहीत होतं, तरी ते असं का बोलले, हे त्यांनी नंतर कधी सांगितलं नाही. त्या खोलीत मुलगा आणि त्याचे आईवडील होते, आणि त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. कान सांगायचा तर तो लपवायचं ठरवलं होतं हेही त्यांच्यासमोर उघड झालं असतं. बहुधा एवढंच कारण असावं.

निरोप आला तो आईच्या मावसभावाच्या तोंडून. एका मुंजीसाठी तो कुंभकोणमला आला होता. घरात सगळे बसलेले असताना त्याने सांगितलं, नंतर त्याला बहिणीला आत पाठवायला हवं होतं असं वाटलं.

"पोर सगळ्यांना आवडली होती. कानाचें आत्यानें घरांत सांगितलें, त्याचेंही कोणाला एवढें वाटलें नाहीं. पण ती म्हणते, मी दोनदां विचारिलें. दोनदां नाहीं म्हणाले. अशा घराशी मजला बोलतां येणार नाहीं."

"मद्रास लांबही पडलें असतें," वडील म्हणाले.

"मद्रासच्याही पांच तास पुढची जागा सांगा," बहीण म्हणाली, "तेथें मी मुकीही होईन." ती उठली नाही. मावसभावाला तिनेच ताक आणून दिलं.

रात्रीच्या जेवणाआधी आई तांदूळ निवडत बसली होती. बहीण तिच्यासमोर येऊन बसली.

"तिनें विचारिलें तें मजला ऐकूं आलें होतें," बहीण म्हणाली. "माझ्या उजवीकडेच ती उभी होती."

"मग तूं कां नाहीं सांगितलेंस?"

"तिनें अप्पांना विचारिलें. तुम्ही सगळ्यांनी अप्पांनाच विचारिलें. कान माझा आहे."

आईने सुपातला एक खडा उचलला आणि तो खडा नसून काळा तांदूळ निघाला, तो तिने परत टाकला.

पुढच्या एका ठिकाणी वडिलांनी सुरुवातीलाच कान कळवला. ते लोक बघायला आले नाहीत. त्यानंतर तिरुनीलक्कुडीच्या एका ओळखीच्याने फोटो मागितला, तेव्हा बहिणीने तो द्यायला नकार दिला. वडिलांनी दोन दिवस समजूत घातली. तिसऱ्या दिवशी तिने स्टुडिओत काढलेल्या त्या फोटोच्या सगळ्या प्रती वडिलांकडून मागून घेतल्या आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.