काकांचा जर्मन जनरल

आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँड गावच्या मराठी ज्येष्ठांच्या गटात दर महिन्याला एक व्याख्यान असतं. मधुमेह, मेडिकेअरचा सरकारी विमा, मृत्युपत्र हे विषय आलटून पालटून येतात आणि शेवटी बटाटेवडे असतात. त्या वर्षी आमच्या शेजारच्या काकांनी जाहीर केलं, की ते तीन भागांत एका जर्मन जनरलची दुसऱ्या महायुद्धातली कारकीर्द सांगणार. काका तेलकंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मी वाचनालयात काम करते, म्हणजे मला पुस्तकंही मिळतात आणि वेळही असतो, असं त्यांनी गृहीत धरलं. स्लाइड्स करायचं काम माझ्याकडे आलं.

"हा जनरल शेवटी इटलीत होता," काका सांगू लागले. "लिही, अप्रतिम माघार."

"म्हणजे हरला ना, काका?"

"अगं, हरणं वेगळं. ही शिस्तबद्ध माघार!"

इटलीच्या नकाशावर मी खालून वर जाणारे आठ बाण काढले. आठही मागे हटण्याचे. प्रत्येक माघारीला काकांनी विशेषण दिलं होतं: चतुर, धाडसी, थक्क करणारी. माणूस मागे सरकत सरकत डोंगरांना जाऊन टेकला आणि काकांनी तिथे मोठं उद्गारचिन्ह काढायला सांगितलं.

जनरलचं आत्मचरित्र मी वाचनालयातून आणून वाचलं. जिंकलेली लढाई त्याने स्वतः आखलेली असायची. हरलेल्या लढाईत कधी चिखल आडवा यायचा, कधी थंडी, कधी वरच्यांचा हट्ट, नाहीतर शेजारच्या तुकडीचा बावळटपणा. हा सूर मला ओळखीचा वाटला. काकाही जेवताना असंच सांगतात. चाललेले प्रोजेक्ट त्यांचे, आणि बुडालेल्यांच्या वेळी मॅनेजमेंटने त्यांचं ऐकलं नव्हतं. दोघांचं इतकं का जमलं, ते मला कळलं.

मग दुसऱ्या एका पुस्तकात एक गाव सापडलं. आसपासच्या बंडखोरांनी जर्मन सैनिकांवर हल्ला केला होता, त्याचा सूड म्हणून त्या गावातले पुरुष विहिरीजवळ उभे करून मारले होते. हुकमावर आपल्या जनरलची सही. युद्धानंतर त्याला शिक्षा झाली, पण प्रकृतीच्या कारणावरून थोड्याच वर्षांत सुटला. त्या खालावलेल्या प्रकृतीने पुढे दोन खंड लिहून काढले.

मी त्याची स्लाइड केली. काकांनी चष्मा काढून पुसला. "हे काढून टाक. आपल्याकडे पॉलिटिक्स नको."

"पण सही त्याचीच आहे, काका."

"सह्या मीसुद्धा रोज ढिगाने करायचो. सगळं वाचून कोण करतं?"

मी ती स्लाइड काढली. काकूंच्या हातची पुरणपोळी माझ्या मुलांना फार आवडते, याहून भारदस्त कारण मला आजही सुचत नाही.

शनिवारी दुपारी हॉल भरला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत एसीमुळे सगळ्या बायका शाली पांघरून बसलेल्या. काका लेझरचा लाल ठिपका नाचवत सहाव्या बाणाशी आले. "इथे किरकोळ प्रतिकार झाला. खेचरांवर सामान लादून काही फुटकळ तुकड्या वर चढत होत्या."

मधल्या रांगेतून एक हात वर गेला. त्या मावशी निवृत्त भूलतज्ज्ञ, ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. एरवी व्याख्यानात त्या चहा पातळ असल्याखेरीज काही बोलत नाहीत.

"त्या खेचरांबरोबर माझे वडील होते," त्या म्हणाल्या. "इंग्रजांच्या फौजेत. एका कानाने बहिरे होऊन परत आले."

"वा! कौतुकास्पद," काका म्हणाले आणि पुढच्या स्लाइडसाठी बटण दाबू लागले.

"थांबा जरा. बाबा युद्धाचं फार बोलायचे नाहीत. एकच सांगायचे. डोंगरातल्या एका गावात पोचले तर तिथे एकही पुरुष नव्हता. यांना वाटलं, पळून गेले असतील. खेचरांना पाणी पाजायला विहिरीवर गेले, तेव्हा कळलं. तुमच्या जनरलच्या पुस्तकात ते गाव आहे का?"

काकांनी लेझरचा ठिपका बंद केला. "ते... त्याच्या खात्यात येत नव्हतं."

मी उठून सही कोणाची होती ते सांगायला हवं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "चला, वडे गार होताहेत," आणि अख्खा हॉल शिस्तबद्ध रीतीने टेबलाकडे निघाला.

पार्किंगमध्ये मी मावशींना गाठलं. सही, शिक्षा, मी काढून टाकलेली स्लाइड, सगळं सांगितलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तू गप्प का बसलीस?" त्यांनी दार लावून घेतलं आणि गाडी काढली. त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलत होत्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

दुसरा आणि तिसरा भाग झालाच नाही. काकांचा घसा बसला, असं ईमेलमध्ये आलं. त्यांच्या जागी एका डेंटिस्टने दात बसवण्यावर व्याख्यान दिलं आणि खुर्च्या कमी पडल्या.

परवा काका अंगणात पाणी घालताना भेटले. घसा ठणठणीत होता. म्हणाले, "अगं, तुझ्या वाचनालयात जपानी आरमाराबद्दल काही मिळेल का? तिथे एक अ‍ॅडमिरल होता. फारच शिस्तीचा माणूस."