दहापैकी तीन

गौरांग टेंभे आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमधली आमची इमारत चार मजली, गच्ची सगळ्यांची. मी वीज मंडळात नोकरीला आहे आणि सकाळी सहाला गच्चीवर चालायला जातो. गेल्या वर्षी मार्चपासून मी वर पोचायच्या आधीच गौरांग तिथे असायचा. पाण्याच्या टाक्यांमधून येरझारा घालायचा आणि मोबाइलवर एकच पान पुन्हा पुन्हा उघडायचा. त्याचा तिसरा सिनेमा तेव्हा नुकताच ऑनलाइन आला होता, आणि त्या पानावर लोक त्याला दहापैकी मार्क देत होते. पहिल्या आठवड्यात सात पूर्णांक चार होते. दुसऱ्या आठवड्यात सहा पूर्णांक आठ. मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की तो मला आधी आकडा सांगायचा.

त्याचे वडील प्रभाकर टेंभे नाशिकहून येऊन इथल्या भेलच्या सरकारी कारखान्यात लागले आणि फोरमन होऊन रिटायर झाले. आई शकुंतलाकाकू शाळेत शिकवायच्या. गौरांगने इंजिनीअर व्हावं असं घरी कोणी कधी बोललं नाही, पण धरून मात्र सगळे चालले होते. तो नाटकात गेला, मग मुंबईत सहा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांवर सहायक राहिला. लग्न झाल्यावर भोपाळला परतला. बायको मंजूषा उज्जैनची, कॉलेजात फिजिक्स शिकवते. बाहेरचं शूटिंग इथे आलं की जागा मिळवून देणं, परवानग्या काढणं, गर्दी जमवणं अशी कामं करत त्याने स्वतःचा पहिला सिनेमा केला. नाव 'पानी साढ़े छह बजे'. एका वस्तीत नळाचा वॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाची गोष्ट. तो रोज आपल्या गल्लीला दहा मिनिटं जास्त पाणी सोडतो आणि एक दिवस सगळ्यांसमोर पकडला जातो.

तो सिनेमा भोपाळमध्ये एका थेटरात तीन आठवडे चालला, आणि ज्यांचा गौरांगशी काही संबंध नव्हता अशा माणसांनी त्याला आठ पूर्णांक एक मार्क दिले. गौरांग प्रत्येक खेळाला जायचा, पण बसायचा नाही. बाहेर जायच्या दाराशी पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि लोकांचे चेहरे बघायचा. कोण हसलं, कोणी घड्याळ बघितलं, कोण उठलं, सगळं लक्षात ठेवायचा. पहिल्याच दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात त्याचे वडील उठले. त्याच्या बाजूने न बघता ते बाहेर गेले आणि परत आले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की फोटो चांगले आलेत. गौरांगने पुढे काही विचारलं नाही. त्या सिनेमाचं कौतुक करणारे शेकडो लोक त्याला भेटले असतील, पण तो सांगायचा ते वडील उठले त्याबद्दलच.

दुसरा सिनेमा मुंबईच्या निर्मात्याचा होता. लग्नाची कॉमेडी, 'सत्ताईसवाँ बाराती'. शूटिंग ओरछाला, भाड्याच्या वाड्यात, साठ कलाकार, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी प्रभाकरकाकांना श्वासाच्या त्रासामुळे इस्पितळात दाखल केलं. गौरांग रोज फोन करायचा. काकू म्हणायच्या, आहे तसंच आहे. नायकाच्या तारखा पुढे मिळणार नव्हत्या, वाडा पुढे मिळणार नव्हता. इस्पितळातल्या बाराव्या दिवशी पहाटे काका गेले. गौरांग पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी तेव्हा त्यांच्या दारातच उभा होतो. गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या गळ्यात युनिटचं ओळखपत्र तसंच होतं. मंजूषाने ते काढून घेतलं.

त्या सिनेमाला चार पूर्णांक तीन मिळाले.

तिसरा सिनेमा त्याने वडिलांवर लिहिला. 'फोरमैन की कुर्सी'. रिटायर झालेला फोरमन, मोठा होत गेलेला मुलगा, दोघांमधलं न बोलणं. त्याची पटकथा मी वाचली होती. त्यात शेवटी मुलगा उशिरा पोचतो आणि इस्पितळाच्या रिकाम्या व्हरांड्यात उभा राहतो. त्या प्रसंगाच्या दिवशी सकाळी तसं शूटिंगही झालं. मग जेवणाच्या सुट्टीत गौरांगने सगळ्यांना थांबवून शेवट बदलला. मुलगा वेळेवर येतो, बापाचा हात हातात घेतो, बाप डोळे उघडतो. युनिटला त्याने सांगितलं की माणसाला घरी जाताना काहीतरी दिलासा लागतो. ही हकीगत मला मंजूषाने नंतर सांगितली. त्या दिवशी कोणी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण सगळ्यांना त्याची गोष्ट माहीत होती.

हा सिनेमा थेटरात लागलाच नाही. त्यामुळे बघायला चेहरे नव्हते, फक्त तो आकडा. सिग्नलला गाडी थांबली की गौरांग तो बघायचा. बिट्टन मार्केटमध्ये मंजूषा मेथी निवडत असली की हा शेजारी उभा राहून एकेक शेरा वाचून दाखवायचा, आणि भाजीवाला भाऊ ऐकत राहायचा. घरी पोहे केले तर दहापैकी किती, असं स्वतःच विचारून स्वतःच हसायचा. मग जेवता जेवता उठून जायचा. मंजूषाने एकदा त्याचा फोन दिवसभर कॉलेजात नेला. त्या दिवशी तो माझ्याकडे तीन वेळा आला, माझ्या फोनवर बघायला.

एप्रिलमध्ये आकडा सहाच्या खाली गेला, आणि त्याच आठवड्यात तो शेरा आला. हिंदीत, लांबलचक. खाली नाव फक्त 'बीकेएल, भोपाल'. लिहिलं होतं की तीस वर्षं मशीनपाशी उभा राहिलेला माणूस खुर्चीत असा बसत नाही, तो आधी खुर्चीच्या पाठीवर हात टेकतो. जेवणाचा डबा असा उघडत नाही. आणि शेवटी: 'ज्या फोरमनची ही गोष्ट आहे त्याचा मुलगा अकरा दिवस आला नव्हता. इथे तो वेळेवर आलेला दाखवलाय. दहापैकी तीन.'

गौरांगने तो शेरा मला गच्चीवर वाचून दाखवला नाही, फोनच हातात दिला. मी वाचेपर्यंत तो कठड्यापर्यंत जाऊन परत आला, पुन्हा गेला. त्याने त्या माणसाचे बाकीचे शेरेही शोधले होते. बीकेएलने आयुष्यात तीनच सिनेमांना मार्क दिले होते आणि तिन्ही गौरांगचे होते. पहिल्याला नऊ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

चार दिवस त्याने कोणालाच काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेल्या आईला विचारलं, बीकेएल म्हणजे कोण. काकूंनी मान वर न करता सांगितलं, "बाळकृष्ण लोहकरे. कारखान्यात ह्यांच्याच शॉपमध्ये टर्नर होते. आता मिसरोदला राहतात." मग म्हणाल्या की इस्पितळात रात्रीला तेच थांबायचे, अकराच्या अकरा दिवस.

"मला कधी सांगितलं नाहीस," गौरांग म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

रविवारी त्याने मला बरोबर चलायला सांगितलं. गाडी मीच चालवली, कारण तो सारखा खिसे चाचपत होता. वाटेत त्याने मला पाठ करून आणल्यासारखं सांगितलं की घरचं दुःख असं चारचौघांत मांडणं बरोबर नाही, तो शेरा त्यांनी काढून टाकायला हवा, एवढंच बोलायचंय आणि निघायचंय. होशंगाबाद रोडवर मिसरोदच्या पुढे एका कॉलनीत लोहकऱ्यांचं घर सापडलं. पंचाहत्तरीचा, सडपातळ माणूस. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रावर मिक्सर उघडून बसले होते. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. पाणी दिलं, चकल्यांचा डबा पुढे केला, आणि गौरांग बोलेल म्हणून थांबले.

तो उभ्यानेच बोलला. सगळं बोलून झाल्यावर लोहकरे म्हणाले, "घरातलं बाहेर लिहिलं, ते माझं चुकलं. ते वाक्य आजच काढतो. मार्क मात्र तीनच राहतील."

 गौरांग निघायला वळला, दारापर्यंत गेला, आणि तिथून विचारलं, की मग पहिल्याला नऊ का दिले होते?

"त्यात तू कुणाला सोडलं नव्हतंस. त्या वॉल्व्हवाल्यालाही नाही. प्रभाकरने आणि मी तो तीनदा बघितला."

"बाबा तर मधूनच उठले होते."

लोहकरे पहिल्यांदा हसले. म्हणाले, "तू दाराशी उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होतास. त्याला सिनेमा बघता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही बाल्कनीत जाऊन बसलो, तुला दिसणार नाही असे. मग आणखी दोनदा."

गौरांग दारातल्या वेताच्या मोड्यावर बसला. मी त्याला इतका वेळ एका जागी बसलेलं त्या वर्षात पाहिलं नव्हतं. लोहकरे मिक्सरचे स्क्रू एका वाटीत गोळा करत बोलत राहिले. इस्पितळात प्रभाकर रोज विचारायचा की आज किती सीन झाले असतील. मुलाला बोलावून घेऊ का म्हटलं तर नको म्हणायचा, काम अर्धवट टाकून कोणी येतं का म्हणायचा. आणि दार वाजलं की दाराकडे बघायचा. नर्स असायची, नाहीतर चहावाला.

"नको म्हणायचा हे खरं, आणि दाराकडे बघायचा हेही खरं," लोहकरे म्हणाले. "तू दोन्हीतलं एकही दाखवलं नाहीस."

 संध्याकाळी त्या पानावरून ते वाक्य गेलेलं होतं. बाकी शेरा तसाच.

त्याने निर्मात्याला फोन केला, ऑनलाइन दाखवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, की मला शेवट बदलायचाय. दोघांनीही नम्रपणे नकार दिला. करार झालेला होता, सिनेमा लोकांपुढे आलेला होता. तेव्हा त्याने स्वतःपुरतं करायचं ठरवलं. हात हातात घेण्याची चार मिनिटं काढली आणि त्या दिवशी सकाळी घेतलेला रिकाम्या व्हरांड्याचा प्रसंग तिथे लावला. महिनाभर तो एडिटिंगच्या खोलीत होता. घरी यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल असायचे, पण जेवण संपवूनच उठायचा, असं मंजूषा म्हणाली.

जूनच्या एका शनिवारी दुपारी चार वाजता त्याने मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हा सिनेमा दाखवला. त्रेसष्ट माणसं आली, बहुतेक कारखान्यातून रिटायर झालेली आणि त्यांच्या बायका. दोन कूलर एवढा आवाज करत होते की काही संवाद ऐकूच आले नाहीत. दिवे मालवल्यावर गौरांग सवयीने दाराकडे निघाला. मंजूषाने त्याचा दंड धरून त्याला तिसऱ्या रांगेत स्वतःशेजारी बसवलं. तो दोनदा पाणी प्यायला उठला आणि दोन्ही वेळा परत येऊन बसला.

संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एकाने "खत्म?" असं विचारलं, तेव्हा दिवे लागले. चहाच्या वेळी मतं पडली. एक बाई स्पष्ट म्हणाल्या की मोबाइलवरचा शेवट बरा होता, निदान रडून मोकळं वाटलं होतं. हे असं घेऊन घरी कसं जायचं? एक काका गौरांगच्या खांद्यावर हात ठेवून गेले. दोघांचा वाद झाला की मुलगा खरंच येऊ शकला नसता का. लोहकरे पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, आता पाच देईन. मग म्हणाले की डबा उघडणं अजून चुकीचंच आहे.

घरी येताना गाडी पुन्हा माझीच होती. काकू पुढे बसल्या होत्या, गौरांग आणि मंजूषा मागे. पॉलिटेक्निकच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. काकू समोर बघत म्हणाल्या, "मी तुला फोनवर खोटं सांगत होते. तसंच आहे म्हणायचे. तसं नव्हतं. रोज खाली जात होतं."

मी इंजिन बंद केलं.

"ह्यांनी सांगितलं होतं तसं म्हणायला. पण फोन माझ्या हातात होता, त्यांच्या नाही. तू तिकडे स्वतःला खातोस, म्हणून आज सांगते. माझ्या वाट्याचं मला ठेव."

मी आरशात पाहिलं नाही. गाड्या हलल्या तेव्हा गौरांगने विचारलं, "इस्पितळात पहिल्या दिवशी काय झालं होतं, आई? अगदी सकाळपासून सांग." त्या म्हणाल्या, इथे नको, घरी.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. तिसऱ्या सिनेमाचा आकडा आज पाच पूर्णांक सात आहे आणि पहिल्याचाही जरा खाली आलाय. मला हे गौरांगनेच सांगितलं. विचारलं तर त्याला अजून दशांशापर्यंत पाठ असतं, आणि मन लागेनासं झालं की तो अजून गच्चीवर येतो. मधे एका वेब सीरिजवाल्यांसाठी त्याने महिनाभर गर्दी जमवण्याचं काम केलं, त्यात घर चाललं. पण दुपारी तीन ते चार तो कुठलाही फोन घेत नाही. तेव्हा काकू पलंगावर बसून इस्पितळातले दिवस सांगतात आणि तो वहीत लिहून घेतो. कधी त्या मधेच थांबतात, आज पुरे म्हणतात, आणि आठवडाभर पुढे सरकत नाहीत. तो घाई करत नाही. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं की कुठवर आलं. म्हणाल्या, अजून पाचव्याच दिवसात आहोत.