आनंदरावांची लाल गाडी

प्रेमलता काळमेघ यांच्या लाल गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. त्यामुळे रविवारी त्या सासऱ्यांना घेऊन काटोलकडे निघाल्या की समोरून येणाऱ्याला वाटायचं, उजवीकडे बसलेले टोपीवाले म्हातारबाबाच गाडी चालवताहेत. मनोहररावांना हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

गाडी त्यांच्या मुलानं, आनंदरावांनी, आणलेली. आठ वर्षं कुवेतला नोकरी करून १९७९ साली ते नागपूरला परतले, तेव्हा मागून बोटीनं ही गाडी आली. छोटीशी, मागचं दार पेटीच्या झाकणासारखं वर उघडणारी, आणि पळायला अशी की मोकळ्या रस्त्यावर तिच्या पुढं कोणी टिकत नसे. बायकोला गाडी त्यांनीच शिकवली. चार वर्षांनी हृदयविकारानं ते गेले. मग प्रेमलताबाई त्याच गाडीनं शाळेत गणित शिकवायला जाऊ लागल्या आणि रविवारी सासऱ्यांना संत्र्याच्या बागेत नेऊ लागल्या. बागेत पोचल्यावर मनोहरराव आधी गाडीची धूळ पुसत, मग झाडांकडे वळत.

१९८७च्या मार्चमध्ये काटोल रस्त्याच्या एका वळणावर पुढच्या चाकापाशी कट्‌कन आवाज झाला, स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं आणि गाडी रस्ता सोडून खाली उतरली. एका बाभळीच्या दोन हात अलीकडे थांबली. कोणाला लागलं नाही. थोड्या वेळानं मनोहरराव म्हणाले, वळण जोरात घेतलंस. वेगाचा काटा चाळिसावर होता, हे बाईंनी पाहिलं होतं.

लकडगंजच्या चंद्रभान मिस्त्रीनं गाडी वर उचलून पाहिली आणि बाईंना जवळ बोलावलं.

"पुढचं चाक ज्या पत्र्याले धरून राहते, तो पत्राच सडला, बाई. मी वेल्डिंग मारून देतो, दिसाले चांगलं दिसन. पण काकाजीले बसवून लांब नेऊ नका."

गाडी परदेशी, तिचा नवा सांगाडा इथं कुठंच मिळणार नव्हता. घरी हे सांगितल्यावर मनोहररावांनी मिस्त्री बदलायला सांगितलं.

मग गाडी विकत मागायला ताराचंद आला. तिशीतला, लाकडाच्या टालीचा मालक. गाडी त्यानं चंद्रभानकडे पाहिली होती. बाईंनी पत्र्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, पत्राच आहे, जोडून घेऊ. दीड तासात अमरावती गाठेल अशी गाडी पुन्हा कुठं मिळते. बाहेर त्याच्या जीपमध्ये बायको आणि दोन लहान मुली बसल्या होत्या. मनोहररावांना सौदा पसंत होता. निदान गाडी रस्त्यावर दिसत राहील, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी जीपमधल्या मुलींकडे पाहून नाही म्हटलं, आणि ताराचंद गेल्यावर सांगून टाकलं, की गाडी आता तोडायलाच द्यायची.

मनोहररावांचा आवाज चढला नाही.

"माया पोराची एवढी एकच वस्तू राहिली. ते तू भंगारात काढून राहिली. दोष गाडीचा नाही वं, तुया हाताचा आहे."

पुढचे चार दिवस त्यांनी सुनेच्या हातचा चहा घेतला नाही. बाई शाळेत फळ्यावर गणित मांडत आणि मध्येच त्यांना ते वळण आठवे. आपला पाय नेमका कुठं होता? काटा खरंच चाळिसावर होता का? त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला.

पाचव्या दिवशी त्या सासऱ्यांना रिक्षानं लकडगंजला घेऊन गेल्या. चंद्रभाननं काही समजावलं नाही. म्हाताऱ्याच्या हाती पेचकस दिला आणि जागा दाखवली. मनोहरराव गुडघ्यावर हात ठेवून वाकले, टोक टेकवलं, दाबलं. पेचकस भिजल्या पुठ्ठ्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी दुसऱ्या चाकापाशी जाऊन तिथंही दाबून पाहिलं. मग स्टुलावर बसले.

"आनंदनं आणली तवा असं नव्हतं."

"नव्हतं, मामाजी."

"म्हणजे त्या दिवशी तुया हात चुकला नव्हता."

प्रेमलताबाई चंद्रभानच्या दुकानातच, लोकांसमोर, पदर तोंडाला लावून रडल्या.

एप्रिलमध्ये गाडीची नोंदणी रद्द करायला दोघं आरटीओत गेली. अर्जात कारण लिहायचं होतं. बाईंनी 'निकामी' असं लिहिलं. मनोहररावांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कागद परत सुनेकडे सरकवला.

"निकामी नको लिहू. चालवाले धोका आहे, असं लिही."

बाईंनी शब्द खोडून तसं लिहिलं. कारकुनानं खाडाखोडीवर सही मागितली, ती केली. बाहेर ऊन तापलं होतं. रिक्षा लवकर मिळेना, म्हणून दोघं कडेच्या सावलीत बराच वेळ उभी राहिली.