स्वयंपाकघरातलं फिनलंडचं घड्याळ

एस्किल लांतो अडथळ्यांच्या शर्यतीत पळायचा. आई मायब्रिट स्वीडनची, बाप तौनो फिनलंडचा आणि घर नदीच्या स्वीडनकडच्या काठावर, हापारांडात. म्हणून जन्मापासून दोन्ही देशांचं नागरिकत्व. लोकांना वाटायचं, काय चैन आहे! त्याच्या वाट्याला मात्र दोन्हीकडचा संशयच आला. पूल ओलांडून तोर्निओच्या मैदानावर सरावाला गेला की तिथली पोरं विचारायची, "काय रे, हेरगिरी करायला आलास?" आणि परत येताना इकडचे शेजारी तिरपे बघायचे.

शेवटी त्यानं फिनलंड निवडला. दरवर्षी या दोन देशांची मैदानावर जुंपते, त्या सामन्याच्या संघात त्याचं नाव आलं तेव्हा तौनोची छाती फुगली. मायब्रिट म्हणाली, "पळ बाबा, कुठूनही पळ. पण आमच्या पोरांना फार मागं टाकू नकोस हं." म्हणाली हसतच, पण एस्किलच्या मनात ते अडकून बसलं.

नदीपलीकडे वेळ एक तास पुढे असते. तौनो पलीकडच्या पोलाद कारखान्यात कामाला, म्हणून स्वयंपाकघरातलं घड्याळ लग्नापासून फिनलंडच्या वेळेवर. शाळेत स्वयंपाक करणारी मायब्रिट स्वतःच्याच घरात रोज एक तास वजा करून जगायची. त्या घड्याळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

संघाची बस तोर्निओहून सुटायची होती. त्या सकाळी एस्किल उठला तेव्हा बाप रातपाळीवर होता, आई कामाला गेली होती. घड्याळात भरपूर वेळ होता. त्यानं निवांत लापशी खाल्ली, बुटांचे खिळे पुसले. पूल ओलांडून पोचला तर बस केव्हाच गेलेली.

रेल्वेनं मागून तो गेला खरा, पण त्याची जागा दुसऱ्याला दिली होती. "स्वीडनशी गाठ पडली आणि साहेबांना नेमकी झोप लागली," कुणीतरी म्हणालं. पुन्हा बोलावणं आलं नाही. स्वीडननंही 'तिकडचा' म्हणून विचारलं नाही. जिल्ह्याच्या शर्यती पळता पळता गुडघा गेला आणि मग तो तोर्निओत शाळेची बस चालवू लागला.

त्या सामन्याहून घरी आला होता तेव्हाच त्यानं आईला धरलं. "घड्याळ तू मागं केलंस ना?"

मायब्रिटनं आधी नवऱ्याकडे बघितलं. "तुला काय वाटायचं ते वाटू दे."

त्याला वाटायचं ते पक्कंच होतं. तो तोर्निओला राहायला गेला आणि तेव्हापासून आई शाळेत असतानाच बापाला भेटायला यायचा.

असाच एकदा आला तर घड्याळ बंद पडलेलं. सेल बदलायला त्यानं ते खाली काढलं आणि त्याचा जुना राग उसळला. "एवढ्याशा डब्यानं बाईनं माझं वाटोळं केलं."

"तिनं नाही," तौनो म्हणाला. "मी. त्या दिवशी तिचा पन्नासावा वाढदिवस होता. म्हटलं, एक दिवस तरी हे घर तिच्या वेळेनं चालावं. पाळीला जाताना काटे फिरवले आणि तुझी बस साफ विसरलो. तिला काही माहीतच नव्हतं, ती आपल्या गजरावर उठून गेली होती."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलास?"

"तीच म्हणाली, एकाशी तरी बोलू दे त्याला. दोघांवर रुसला तर पोरगं जेवायला कुणाकडे येईल?"

एस्किलला स्वतःची भयंकर लाज वाटली. निघायची वेळ झाली तरी तो उठला नाही. मायब्रिट पिशवी घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"तू? या वेळेला? कोण गेलं?"

"कुणी नाही. कॉफी प्यायला आलोय."

"काय हवंय?" तिचे डोळे बारीक झाले, अगदी त्याच्यासारखे. मग नवऱ्याकडे वळली. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही ना!"

एस्किलनं सेल घातला. मनगटावरच्या घड्याळात बघून काटे स्वीडनच्या वेळेला लावले आणि ते भिंतीवर टांगलं.

मायब्रिट कॉफी ओतता ओतता थांबली.

"पुढे कर ते आधी," ती म्हणाली. "या घरात आणखी कुणाची बस चुकायला नको."