आषाढातलं जाळं

आम्ही भूमजवळच्या एका तळ्याकाठचे भोई. जाळी विणायला पाच-सहा जण बसलो, की असे किस्से आपोआप गोळा होतात. सगळे निजामाच्या राजवटीतले. सांगताना पूर्वी हसू यायचं. हल्ली लाजच जास्त वाटते.

गंगूबाई विधवा. आमचेच मासे बाजारात विकायची, त्यावर तिचं घर चालायचं. एकदा हात जोडून म्हणाली, "आषाढात मासे अंड्यावर असत्यात. तेवढा म्हयना जाळं टाकू नगा. तळं रिकामं झालं तर म्या काय इकू?"

आम्ही सगळ्यांनी खंडोबाचा बेलभंडारा उचलला. आमच्यातल्या वडीलधाऱ्या किसनतात्यांनी तर सगळ्यांच्या आधी!

मग इंग्रजी हद्दीतून, बार्शीहून एक व्यापारी आला. त्याला अंड्यांनी भरलेलाच मासा हवा होता, आणि तो रोख कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये देणार होता. आमच्याकडं चालायचा निजामाचा हाली रुपया, कलदारापेक्षा हलका. कलदार म्हटल्यावर आमची शपथ ढिली झाली!

तात्यांच्या जाळ्यात तसली पहिली मासळी आली. तात्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, पाण्यात सोडलं आणि लगेच तिथंच जाळं फेकलं!

"तात्या, हे काय?"

"सोडायचं पुण्य झालं. आता सापडली तर तिचं नशीब!"

पलीकडच्या काठावरच्या एका भोयाला मी दरडावलं, "आषाढात जाळं टाकतूस? लाज न्हाय वाटत?"

तो म्हणाला, "तुमी टाकायच्या आत टाकतुया!"

मला लई राग आला. पण माझ्याही खांद्यावर जाळंच होतं. ते पाठीमागं सरकवून मी घरी आलो.

एका सकाळी जो तो काहीतरी सांगून घराबाहेर पडला. कुणी पाहुण्याकडं, कुणी दवाखान्यात. थोड्या वेळानं सगळे तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी भेटलो, जाळ्यांसकट! कुणी कुणाकडं बघेना. शेवटी तात्या म्हणाले, "आता आलोच हाय तर..."

त्या दिवशी आम्ही पाट्या भरून मासे काढले.

पुढच्या साली जाळ्यात नुसतं शेवाळ यायला लागलं. मजुरी शोधत आम्ही भूमच्या बाजारात गेलो. तिथं गंगूबाई पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. आम्हाला बघताच तिनं पाटीवर पदर ओढला.

"बाजाराला आलाव व्हय? समदं बरं हाय न्हवं?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक वाकलं. "मावशी, सुके बोंबील कसे दिले?"

गंगूबाई हळूच म्हणाली, "जरा थांब, बाबा. आमचे भोई हाईत. त्यास्नी जाऊ दे."