भोपळ्याचा पहिला घाव

रंभाबाईंशी माझं पहिलं भांडण नळाच्या पाण्यावरून झालं आणि दुसरं भोपळ्यावरून. या दोन भांडणांच्या मधली सत्तावीस वर्षं आम्ही बोईसरच्या एकाच चाळीत, भिंतीला भिंत लावून काढली.

त्या साताऱ्याकडच्या. नवरा खंडेराव इथल्या एका कारखान्यात लागले म्हणून आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. खंडेरावांना पहिल्या पाळीच्या डब्यात पाव आणि जॅम लागायचा. बाजारातला लालभडक जॅम रंभाबाईंना पटेना. "त्यात रंगाबिगर काय हाय?" म्हणत त्यांनी डोंगराकडच्या पाड्यावरची तानी दारावर विकायला आणते तो भोपळा घेतला. त्यात ईडलिंबाचा रस आणि बारीक चिरलेली साल घातली, जॅम घट्ट व्हावा म्हणून बिया फडक्यात बांधून सोडल्या आणि ढवळत बसल्या. त्या वासानं माझी पोरं अभ्यास टाकून त्यांच्या दारात जाऊन बसायची. अजून ईडलिंबू हातात घेतलं की त्या दुपारी आठवतात.

अख्ख्या भोपळ्याला मात्र रंभाबाई सुरी लावत नसत. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, बाईनं त्याच्यावर पहिला घाव घालू नये, असं सासूनं सांगितलेलं. मग खंडेराव पाळीवरून येत, बूटसुद्धा न काढता उंबऱ्याशी बसत, कोयत्याचा एकच घाव घालत आणि ऐटीत म्हणत, "घ्या, माझं काम झालं!" पुढचं सोलणं, किसणं, ढवळणं सगळं बाईचं. वर जॅम झाल्यावर बोट चाटून म्हणायचे, "यंदा जरा कडू झालाय." दरवर्षी हेच. आणि आठवड्यात अर्धी बरणी फस्त.

खंडेराव गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून जॅम बंद. आमच्या ह्यांनी घाव घालून देतो म्हटलं, तर "नको भावजी." गेल्या वर्षी भोपळा फळीवर कुजला तेव्हा मी चिडून बोलले, तेच ते दुसरं भांडण. दोन दिवस अबोला होता. मला भोपळ्याचं दुःख नव्हतं, त्या हातची चव कायमची जाणार याचं होतं.

यंदा रंभाबाईंच्या सुनेला, प्रतीक्षाला, सातवा महिना. तिचा पालघरहून फोन आला, "आई, तुमचा जॅम खावासा वाटतोय." डोहाळे मोडायचे कसे? मुलगा मनीष रविवारी येऊन भोपळा कापणार होता. रविवारी सकाळी त्याचाच फोन, ड्यूटी लागली, पुढच्या रविवारी येतो. इकडे भोपळा देठाशी मऊ पडायला लागलेला.

तानी तेव्हा पायरीवर चहा पीत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आमचा बाप्या दिवाळीपासून वीटभट्टीवर हाय," ती नवऱ्याविषयी म्हणाली. "आमी कापू नाय, त पोरांना घालू काय?"

रंभाबाई उठल्या. आत गेल्या आणि खंडेरावांचा कोयता घेऊन आल्या. दोन वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. उंबऱ्याशी अगदी त्यांच्याच जागी बसल्या, भोपळ्याला हात जोडले आणि घाव घातला. कोयता निम्म्यावर अडकला.

"घ्या, माझं काम झालं!" त्या म्हणाल्या. तीच ऐट. आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले. तानीनं कोयता ओढून काढला आणि भोपळ्याची दोन शकलं करून दिली.

संध्याकाळी बशीत गरम जॅम घेऊन त्या माझ्या दारात उभ्या. मी बोट चाटलं. हाताची सवय मोडली होती, साल अंमळ जास्त पडली होती. खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही.

"जरा कडू झालाय," मी म्हटलं.

रंभाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग दोन वर्षांत पहिल्यांदा खळखळून हसल्या.

"मग बरोबर झालाय," म्हणाल्या आणि प्रतीक्षाची बरणी भरायला गेल्या.